कुंडी बदलली की ऑर्किड मान का टाकतं: विदर्भातल्या हवेत माध्यम, पाणी आणि वेळ यांचा हिशेब

तक्रार दर वर्षी तीच. नर्सरीतून फुलांसकट आणलेलं फॅलेनॉप्सिस जातीचं ऑर्किड दोन-तीन महिने छान राहतं. फुलं झडतात, मुळं कुंडीबाहेर डोकावायला लागतात, म्हणून नवी कुंडी, नवं मिश्रण. पंधरा-वीस दिवसांत खालची पानं लुळी पडतात, जुन्या चामड्यासारखी सुरकुततात. घरचे पाणी वाढवतात. आणखी आठवड्याने पान बुडापाशी पिवळं होऊन हातात येतं. पुढच्या वेळी वेगळ्या कंपनीचं मिश्रण येतं, आणि तोच खेळ पुन्हा.

सुरकुतलेलं पान एवढंच सांगतं की पानापर्यंत पाणी पोहोचत नाही. कुंडी कोरडी आहे म्हणून पोहोचत नाही, की मुळंच सडली म्हणून, हे पान सांगू शकत नाही. दोन्हींत पान दिसतं सारखंच, उपाय मात्र नेमके उलटे. म्हणून पाण्याचा मग हातात घेण्याआधी झाड कुंडीतून काढून मुळं बघा. कुंडी बदलून पंधराच दिवस झाले असले तरी काढा. सडणाऱ्या मुळांना हात न लावण्यात जास्त नुकसान आहे.

मुळं काय सांगतात

ऑर्किडच्या मुळावर स्पंजासारखं जाड आवरण असतं. वाळलं की ते चांदीसारखं पांढरट दिसतं, पाणी प्यायलं की हिरवं. मूळ चिमटीत धरून हलकेच दाबा. टणक लागलं तर जिवंत. तपकिरी रंगाला भुलू नका, माध्यमाच्या, म्हणजे कुंडीतल्या मिश्रणाच्या, आत अंधारात वाढलेली चांगली मुळंही तपकिरी-पिवळसर असतात. दाबल्यावर पाणी सुटलं, आवरण मोज्यासारखं सरकून हातात आलं आणि मागे सुतळीच्या एका पदराएवढी शीर उरली, तर ते मूळ गेलं.

मुळं मऊ, माध्यम ओलं, वास कुबट: ही सड. पाणी जास्त झालं म्हणण्यापेक्षा हवा कमी पडली म्हणा. मुळं टणक पण पूर्ण चांदीरंगी, चपटी पडलेली, कुंडी उचलली तर कागदासारखी हलकी: ही खरी तहान, आणि एप्रिल-मे सोडला तर ती आपल्याकडे क्वचितच कारण असते. मुळांची फक्त टोकं काळी-करडी होऊन वाळली आणि कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसला, तर क्षार. मुळं चांगली आहेत, पण झाड कुंडीत डोलतं, तर प्रत्येक हिसक्याला नवीन मुळाचं कोवळं टोक तुटतं आणि झाड महिनोन्‌महिने बसत नाही.

कुंडी बदलल्यावर सर्वात खालचं एखादं पान पिवळं पडून गळणं, राहिलेल्या कळ्या झडणं, यात काळजीचं काही नाही.

बुडातली जाळीची वाटी

वारंवार फसणाऱ्या झाडांत एक गोष्ट बहुतेक वेळा सापडते. नर्सरीत रोप लहान असताना ते मॉसच्या, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या वाळलेल्या शेवाळाच्या, गोळ्यात किंवा प्लास्टिकच्या जाळीदार वाटीत लावलेलं असतं. पुढे तो गोळा तसाच ठेवून भोवती साल भरतात. घरी कुंडी बदलतानाही लोक बाहेरची साल झटकतात आणि मधला गोळा ‘मुळं दुखावतील’ म्हणून तसाच नव्या कुंडीत ठेवतात. मग बाहेरची साल दोन दिवसांत कोरडी होते, आणि खोडाच्या अगदी बुडाशी असलेला तो गोळा दहा-दहा दिवस चिंब राहतो. वरून बघणाऱ्याला कुंडी वाळलेली दिसते, तो पाणी घालतो, आणि सड बुडापासून वर चढते.

हा गोळा काढायचाच. अर्धा तास कोमट पाण्यात भिजू द्या, मग बोटांनी आणि बोथट काडीने मॉस उकलत या. जाळीची वाटी कात्रीने दोन-तीन ठिकाणी कापून तुकड्यांनी सोडवा, ओढू नका. एखादं मूळ तुटलं तरी चालेल.

माध्यम: थायलंडचं पुस्तक आणि चंद्रपूरची हवा

बाजारातली मिश्रणं आणि इंटरनेटवरचे सल्ले बहुतेक थायलंडसारख्या ठिकाणचे असतात, जिथे वर्षभर हवा साधारण एकसारखी असते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो आणि दुपारी हवेत ओल नावालाही नसते. जुलै-ऑगस्टमध्ये झड लागली की चार-चार दिवस ऊन दिसत नाही. गडचिरोली-गोंदियाकडे वर्षाला १३०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, अकोला-बुलढाण्याकडे ७००-८००. म्हणजे एकाच विदर्भातसुद्धा एकच मिश्रण सगळ्यांना चालेल असं नाही.

माध्यम निवडताना नजर झडीवर ठेवा. उन्हाळ्यात कमी पडलेलं पाणी रोज देऊन भागवता येतं. झडीत कुंडीत साचलेलं पाणी बाहेर काढता येत नाही. मोहाच्या किंवा आंब्याच्या झाडावर वाढणारं आपलं रानटी ऑर्किड, वांदा, बघा. संस्कृतातल्या याच नावावरून ‘वॅन्डा’ हे शास्त्रीय नाव पडलं. उघडी मुळं सालीला चिकटलेली, पावसात चिंब होतात आणि पाऊस थांबला की वाऱ्यावर वाळतात. (बांडगूळ समजून तो तोडू नका, आणि कुंडीत लावायला म्हणून ओरबाडूनही आणू नका, जुनी मुळं सालीवरून सुटताना तुटतात आणि असं झाड सहसा जगत नाही.)

फॅलेनॉप्सिससाठी, मापाने: पाइनची साल ५ भाग, लाकडी कोळसा ३ भाग, नारळाच्या सोडणाचे तुकडे २ भाग. तुकडे दीड ते दोन सेंटिमीटरचे, म्हणजे बोटाच्या पेराएवढे. पाइनची साल मिळाली नाही तर कोळसा ४, विटेचे किंवा कवेलूचे तुकडे ३, नारळ ३. झडीच्या पट्ट्यात, म्हणजे गोंदिया-भंडारा-गडचिरोलीकडे, नारळ १ वर आणा आणि कोळसा तेवढा वाढवा. अकोला-वाशीमकडे मूठभर मॉस घातलं तर चालतं, पण विखरून. गोळा करून खोडाजवळ कधीच नाही.

डेंड्रोबियम या दुसऱ्या ऑर्किडला याहून मोकळं लागतं: कोळसा ५, वीट ४, नारळ १, तुकडे दोन ते तीन सेंटिमीटर. वॅन्डाला टोपली आणि कोळशाचे चार मोठे तुकडे पुरेत; फक्त उन्हाळ्यात मुळांमध्ये नारळाची शेंडी अडकवून ठेवा, नाहीतर दिवसातून तीनदा भिजवावं लागेल.

एकेका वस्तूबद्दल थोडं, कारण फसगत इथेच होते.

कोळसा म्हणजे लाकडी कोळसा, इस्त्रीवाल्याकडचा. चंद्रपूर-वणीकडे दगडी कोळसा सहज मिळतो. तो वापरू नका, त्यात गंधक असतं. बाजारात साच्यातून काढलेल्या कोळशाच्या एकसारख्या वड्याही मिळतात, त्याही नकोत, पाण्यात विरघळून त्यांचा चिखल होतो. फोडताना जी भुकटी निघते ती चाळून टाका. भुकटी कुंडीच्या तळाशी उतरते आणि भोकं बुजवते.

वीट भट्टीची लाल, नीट भाजलेली. वीजकेंद्राच्या राखेपासून केलेली करडी वीट नको. तिच्यात चुना किंवा सिमेंट असतं, पाणी अल्कधर्मी होतं, आणि ऑर्किडच्या मुळांना किंचित आम्लधर्मी, साधारण ५.५ ते ६.५ सामू (पीएच) लागतो. घर पाडल्यावर उरलेल्या विटा असतील तर गिलावा लागलेला प्रत्येक तुकडा बाजूला काढा. जुन्या कवेलूंचे तुकडे मात्र फार उपयोगी: पातळ, सच्छिद्र, आणि गावात फुकट.

नारळाच्या सोडणात मीठ असतं. २४ तास भिजवा, पाणी फेका, असं तीनदा. पहिलं पाणी चहासारखं निघतं. तिसरं फिकट निघालं की झालं. पाइनची सालही लावण्याआधी २४ तास भिजलेली हवी. कोरडी साल पाणी झटकून देते, आणि कुंडीत घातलेलं पाणी कडेने तसंच खाली निघून जातं.

काळी माती, शेणखत, गांडूळखत, धानाचं तूस यांतलं काहीही घालायचं नाही. चिमूटभरही नाही. तूस पोकळ दिसतं, पण दोन महिन्यांत दबून लगदा होतो. सागाची किंवा बाभळीची साल पाइनच्या सालीऐवजी वापरायचा मोह होतो. ती लवकर कुजते, झडीत तर फारच लवकर.

कधी बदलायची

सर्वात चांगला काळ म्हणजे मृग लागून उकाडा मोडला की तिथपासून पोळ्यापर्यंत. हवेत ओल असते, पारा ३० च्या आसपास असतो आणि नवीन मुळं फुटायला झाडाकडे चांगले चार महिने असतात. फेब्रुवारीत बदललेली कुंडी पुस्तकात बरोबर असते. आपल्याकडे मुळं धरेपर्यंत एप्रिल उजाडतो. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, तर कुंडीला हातच लावू नका. नोव्हेंबर ते जानेवारीही टाळा; नागपूर-गोंदियाकडे रात्रीचा पारा १० च्या खाली जातो आणि १५ च्या खाली फॅलेनॉप्सिसची वाढ थांबते. डेंड्रोबियमची वेळ झाडच सांगतं: नव्या कोंबाच्या बुडाशी दोन-तीन सेंटिमीटरची हिरवी मुळं दिसली की बदला.

सड सापडली असेल तर मात्र मुहूर्त पाहायचा नाही.

बदलताना

१२ सेंटिमीटरच्या कुंडीला जवळपास लिटरभर मिश्रण लागतं. कुंडी मुळांच्या गड्ड्यापेक्षा सगळीकडून दोन सेंटिमीटर मोठी, त्याहून नाही. मोठ्या कुंडीत मधला भाग वाळतच नाही, आणि ‘एकदाच मोठी घेऊ’ या हिशेबात झाड जातं. पारदर्शक प्लास्टिकची, तळाला आणि बाजूंना भोकं असलेली कुंडी नवख्यांसाठी सर्वात सोपी, मुळांचा रंग बाहेरून दिसतो. मातीची कुंडी उन्हाळ्यात मुळं थंड ठेवते, हा मोठा फायदा; पण बोअरचं पाणी वापरत असाल तर तिच्यात क्षार साठत जातात.

कात्रीचं पातं प्रत्येक झाडाआधी स्पिरिटने पुसा किंवा गॅसवर तापवून गार करा. मेलेली मुळं बुडापर्यंत कापा, टणक असलेलं एकही कापू नका, कितीही लांब असलं तरी. मोठ्या जखमांना दालचिनीची पूड लावतात, ती फक्त कापलेल्या टोकाला. सगळ्या मुळांवर भुरभुरली तर चांगली मुळंही वाळतात. सड जास्त असेल तर कार्बेन्डाझिम आणि मॅन्कोझेब एकत्र असलेली पावडर, लिटरला २ ग्रॅम, त्या पाण्यात मुळं दहा मिनिटं बुडवा. हातमोजे घाला, स्वयंपाकाचं भांडं वापरू नका. तांबेयुक्त बुरशीनाशक डेंड्रोबियमवर नको, पानं जळतात.

आणि फवारणीचा पंप. घरात एकच पंप असेल आणि त्याने कधी टू-फोर-डीसारखं तणनाशक मारलं असेल, तर तो ऑर्किडच्या जवळही आणू नका. त्या अंशाने कपाशीची पानं कशी आकसतात हे कास्तकाराला सांगायला नको. दोनशे मिलिलिटरची वेगळी स्प्रे बाटली ठेवा.

मुळं कापून झाल्यावर झाड सावलीत दोन-तीन तास उघडं ठेवा, जखमा सुकू द्या. मग कुंडीत धरून भोवतीने मिश्रण सोडा, काडीने पोकळ्या भरा, कुंडी ओट्यावर दोन-चारदा आपटून बसवा. दाबू नका. खोडाचं बूड मिश्रणाच्या पातळीला हवं, आत पुरलेलं नाही. शेवटी पान धरून झाड हलकेच उचला. कुंडीसकट उचललं गेलं तर ते घट्ट बसलं; डोललं तर बांबूची काडी रोवून सुतळीने बांधा.

पहिला महिना

पावसाळ्यात पहिलं पाणी पाच-सहा दिवसांनी, कोरड्या हवेत दोन दिवसांनी. मिश्रण भिजवूनच भरलेलं असल्यामुळे झाड तोवर तहानेने मरत नाही. पुढे पाण्याचा वार ठरवू नका. खराट्याची स्वच्छ काडी कुंडीत अर्ध्यापर्यंत खुपसून दहा मिनिटं ठेवा. गार, ओलसर निघाली तर आज पाणी नाही. द्याल तेव्हा सकाळी, भरपूर, खालून वाहून जाईपर्यंत, आणि बशीत साचलेलं लगेच ओता. पानांच्या मधल्या पोंग्यात पाणी राहिलं तर कापसाच्या बोळ्याने टिपून घ्या. फॅलेनॉप्सिसची मधली सड तिथूनच सुरू होते आणि ती लागली की झाड वाचणं अवघड.

खत पहिले तीन-चार आठवडे नाही. नवीन मुळाचं हिरवं किंवा लालसर टोक दिसलं की १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारं खत, लिटरला अर्धा ग्रॅम, आठवड्यातून एकदा. कपाशी-सोयाबीनला पंधरा लिटरच्या पंपात ७५ ते १०० ग्रॅम टाकायची सवय असते. तेच प्रमाण इथे घातलं तर मुळांची टोकं जळतात. दर चौथ्या आठवड्याला खत न घालता साधं पाणी कुंडीच्या मापाच्या दोन-तीन पट ओतून क्षार धुऊन काढा.

पाण्याबद्दल खारपाणपट्ट्यातल्यांनी, म्हणजे अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या पूर्णा खोऱ्यातल्यांनी, जास्त सावध राहायला हवं. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचं पेन घेऊन ठेवा. २०० च्या आत चांगलं, ५०० च्या वर ऑर्किडला नको. बोअरचं पाणी ८०० असेल आणि आरओच्या कॅनचं ५०, तर एक भाग बोअर आणि चार भाग आरओ मिळून २०० होतं. पावसाळ्यात टिनावरून उतरणारं पाणी पहिले एक-दोन पाऊस सोडून ड्रममध्ये साठवा, झाकून. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणी मात्र कधीच नको. त्यातलं पाणी दिवसभर उडत असतं आणि क्षार मागे राहतात. कूलरच्या ताट्यांवर जो पांढरा थर चढतो, तोच मुळांवर चढतो.

कूलरची खोली उन्हाळ्यात ऑर्किडला चांगलीच, पण झोताच्या समोर नको, सहा-आठ फूट बाजूला. आणि लाइट गेल्यावर ती बंद खोली तापते; अशा वेळी नुकतीच चिंब केलेली कुंडी आत असेल तर मुळं अक्षरशः वाफवली जातात. भारनियमनाची वेळ माहीत असेल तर त्याआधी पाणी देऊ नका. फॅलेनॉप्सिस पानांची छिद्रं रात्री उघडतं, म्हणून मे महिन्यात संध्याकाळी झाडाभोवतीची जमीन शिंपडणं हे भर दुपारी पानांवर पाणी मारण्यापेक्षा जास्त कामाचं. टिनाच्या छपराखाली टांगायचं असेल तर छपरापासून किमान तीन फूट खाली. कवेलूच्या घराची उत्तरेकडची ओसरी मिळाली तर सावलीच्या नेटचीही गरज नाही. अंगणात ठेवत असाल तर फॅलेनॉप्सिसला ७५ टक्क्यांची हिरवी नेट, डेंड्रोबियमला ५० ची.

मुळंच उरली नसतील तर

एक-दोन मुळं किंवा नुसते खुंट उरले असतील, तर कुंडी नको. मूठभर मॉस भिजवून इतकं पिळा की थेंब गळणार नाही. ते पारदर्शक पिशवीच्या तळाशी पसरा, झाड त्याच्यावर टेकवा, खोड मॉसमध्ये गाडू नका. पिशवीला चार-पाच भोकं पाडा, तोंड सैल बांधा, उजेडाच्या पण ऊन न येणाऱ्या जागी ठेवा. फुलाची दांडी असेल तर कापून टाका. चार ते आठ आठवड्यांत नवीन मूळ दिसायला हवं. तीन-चार सेंटिमीटर झालं की लहानात लहान कुंडी. जुनी पानं तोवर सुरकुतलेलीच राहतील, आणि पुढेही ती पूर्ण ताठ होत नाहीत. सुधारणा नव्या पानावर बघा. ३५ अंशांच्या वर जाणाऱ्या खोलीत ही पिशवी ठेवू नका, आत झाड शिजतं.

आणि गोगलगायी

सगळं बरोबर करूनही नवीन मुळांची हिरवी टोकं रात्रीतून गायब होत असतील, तर टॉर्च घेऊन रात्री नऊ-दहाला कुंडी बघा. झडीच्या दिवसांत लहान गोगलगायी दिवसभर सालीच्या तुकड्यांत लपतात आणि रात्री नेमकी हीच कोवळी टोकं खातात. काकडीची चकती मिश्रणावर ठेवा, पहाटे चकतीखाली जमलेल्या उचलून मिठाच्या पाण्यात टाका. चार-पाच रात्री हे केलं की बरीच कमी होतात. कुंडी जमिनीवरून उचलून तारेने टांगली तर येणंही कमी होतं. मेटाल्डिहाइडच्या गोळ्या कृषी केंद्रात मिळतात आणि चालतातही, पण अंगणात कोंबड्या किंवा कुत्रं फिरत असेल तर त्या टाकू नका.